पंचवीस एकर गवत आणि एक बीळ

हे प्रकरण कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यातलं, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतलं आहे. माणसं आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. जागेचा पत्ता दिलेला नाही, त्याचं कारण मात्र वेगळं आहे. घरट्याचा पत्ता फुटला की काय होतं तेही या प्रकरणात पुढे येईलच.

पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला एका सार्वजनिक संस्थेची सुमारे २५ एकर, म्हणजे १० हेक्टर मोकळी जमीन आहे. एका बाजूला काचेची कार्यालयं. दुसऱ्या बाजूला पुराचं पाणी अडवणारा मातीचा बांध आणि त्यावरची पायवाट. तिसऱ्या बाजूला रस्ता. चौथ्या बाजूला कुंपणापलीकडे एक खासगी प्लॉट होता, तोही असाच गवताने भरलेला. त्या प्लॉटचा विचार सुरुवातीला कुणाच्याच डोक्यात नव्हता.

इथला पाऊस हिवाळ्यात पडतो. जानेवारीत जमीन हिरवीगार असते, एप्रिलमध्ये गवत कमरेला लागतं आणि मे संपेपर्यंत वाळून कोळ होतं. हे गवतही मूळचं इथलं नाही. युरोपातून आलेले जंगली ओट, ब्रोम आणि काळी मोहरी यांनी सगळी रानं व्यापली आहेत. मोहरी फुलली की लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. वीतभर उंचीच्या पक्ष्याला मात्र त्या फुलांच्या पलीकडचं काही दिसत नाही.

हा पक्षी म्हणजे बरोइंग आऊल, बिळात घर करणारं घुबड. आपल्या पिंगळ्याचं हे सख्खं चुलत भावंड. दोघांच्या शास्त्रीय नावाची सुरुवात ‘अथेनी’ अशीच होते. शहाद्याजवळ १९९७ साली पुन्हा सापडलेला रानपिंगळाही त्याच घराण्यातला. उंची २० ते २५ सेंटीमीटर, वजन साधारण दीडशे ग्रॅम, आणि एवढ्याशा देहाला न शोभणारे लांब पाय. दिवसाढवळ्या हे बिळाच्या तोंडाशी उभं असतं. कुणी जवळ आलं की गुडघ्यात वाकून वरखाली होतं. बघणाऱ्याला ते नाचल्यासारखं वाटतं, पण तो इशारा असतो. आणखी जवळ गेलात तर ते उडून जाईल किंवा बिळात शिरेल.

फ्लोरिडातली ही घुबडं स्वतः बीळ खणतात. पश्चिमेकडची बहुधा दुसऱ्याच्या कष्टांवर राहतात. प्रेअरीत, म्हणजे मधल्या गवताळ मैदानांत, ती प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्याची बिळं वापरतात, तर कॅलिफोर्नियात ग्राउंड स्क्विरलची. ही खार झाडावर नव्हे, जमिनीखाली घर करते. खार नाही तिथे बीळ नाही आणि बीळ नाही तिथे घुबड नाही. बिळाच्या तोंडाशी नर शेणाचे तुकडे, कागद, कसलीबसली कापडं आणून टाकतो. शेणामुळे शेणकिडे आयते येतात आणि ते घुबडाच्या पोटात जातात, हे फ्लोरिडातल्या संशोधकांनी २००४ साली प्रयोग करून दाखवलं.

कायद्याने या पक्ष्याला हात लावता येत नाही. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा संघीय कायदा आहे, शिवाय शिकारी पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांना संरक्षण देणारं राज्याचं कलम आहे. तरी खोऱ्यातली संख्या घटतच गेली. राज्यातल्या बहुसंख्य जोड्या आता दूर दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेजवळ इंपीरियल व्हॅलीतल्या कालव्यांच्या काठांवर राहतात. आमच्या खोऱ्यात उरल्या आहेत त्या बोटांवर मोजण्याइतक्या.

जोडी कशी लक्षात आली

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक काका रोज सकाळी बांधावरून फिरायला जात. मूळचे सोलापूरकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उघडा माळ आणि ढेकळांवर बसणारे पक्षी त्यांना नवे नव्हते. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी आमच्या पक्षीनिरीक्षण गटातल्या एकाला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पिंगळा आहे, पण पाय उसने आणलेत.’

पायवाटेपासून साधारण सत्तर मीटरवर, मातीच्या उंचवट्यावर एक जोडी होती. स्कोपमधून, म्हणजे तिपायीवरच्या दुर्बिणीतून, पाहिल्यावर बिळाच्या तोंडाशी कुत्र्याची वाळलेली विष्ठा, कॉफीच्या कपाचं झाकण आणि हातमोज्याचं एक निळं बोट दिसलं. एवढी सजावट केली आहे म्हणजे नराचा इथेच संसार थाटायचा बेत होता.

काकांनी वही घातली. तारीख, वेळ, किती दिसले, कुठे उभे होते. ‘७.१०. दोघं. एक ढेकळावर, एक बिळाच्या तोंडात. मोकळं कुत्रं गेलं, दोघं आत. ७.३५ ला एक बाहेर.’ असल्या रुक्ष नोंदी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते जरा खट्टू होऊन म्हणाले, “अहो, आता एकच दिसतो. दुसरा गेला वाटतं.”

“काका, मादी आत अंड्यांवर बसली असेल. नर काही घेऊन आत जातो का, तेवढं बघा.”

दोन दिवसांनी वहीत ओळ आली: ‘संध्याकाळी चोचीत उंदीर. आत गेला. रिकामा बाहेर.’

पुढच्या सगळ्या चर्चेत ही ओळ कामी आली. अंडी मादी एकटी उबवते, साधारण चार आठवडे. तेवढे दिवस नर तिला अन्न पुरवतो. पिल्लं फुटल्यावर दोनेक आठवड्यांनी बिळाच्या तोंडाशी येतात. मादी दिसेनाशी झाल्याची तारीख हाती असली की पिल्लं कधी फुटतील आणि कधी बाहेर येतील याचा अंदाज बांधता येतो. आम्ही हिशोब केला. अंडी मेच्या पहिल्या पंधरवड्यात फुटणार होती आणि पिल्लं महिनाअखेरीला उन्हात येणार होती.

अडचण

नेमकी त्याच सुमारास काउंटीची, म्हणजे जिल्हा प्रशासनाची नोटीस आली होती: वणव्याचा धोका टाळण्यासाठी एप्रिलअखेर गवत काढा. जमिनीची मालक संस्था दरवर्षी ठेकेदार बोलावून ट्रॅक्टरने डिस्क मारून घेत असे. डिस्कची पाती वीतभर खोल जातात, गवत मातीत गाडतात आणि वाटेतल्या बिळांची तोंडं बुजवतात. खार पुन्हा उकरून बाहेर येते. अंड्यांवर बसलेली मादी आत अडकली तर तिचं काय होईल, हे सांगायला नको.

मग आधीच्या वर्षी ही घुबडं वाचली कशी? पुढे कळलं ते असं. जुना ट्रॅक्टरवाला त्या उंचवट्याला वळसा घालायचा. त्याला पक्षी माहीत होते, कुणाला सांगायची गरज त्याला वाटली नव्हती. यंदा ठेका बदलला होता. म्हणजे त्या बिळाला इतकी वर्षं जे काही संरक्षण होतं, ते एका माणसाच्या स्टिअरिंगमध्ये होतं.

दुसरी अडचण माणसांची. मार्चमध्ये कुणीतरी जोडीचा सुंदर फोटो जागेच्या खुणेसकट शेजाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या रविवारी पायवाटेवर आठ-दहा कॅमेरे होते आणि दोघंजण कुंपण ओलांडून आत गेले. काकांच्या वहीत त्या दिवशी तीन तासांत घुबड एकदाच बाहेर आल्याची नोंद आहे.

तिसरी अडचण अजून पोटात होती. हिवाळ्याच्या तोंडावर त्याच जमिनीच्या कोपऱ्यातून जलवाहिनी टाकायचं ठरलं होतं. ते आम्हाला संस्थेशी बोलायला गेल्यावरच कळलं.

पहिला निर्णय: कुणाला, किती सांगायचं

गटात दोन तट पडले. एकांचं म्हणणं, गप्प बसा. बोभाटा झाला तर गर्दी वाढेल, आणि जमीनमालक घाबरून मोसमाआधीच घुबडं हाकलायची सोय पाहतील. हे भय हवेतलं नाही. रिकामे प्लॉट वारंवार नांगरून घुबडाला पाय रोवूच द्यायचा नाही, हा प्रकार इथे नवा नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, वर्तमानपत्राला सांगा, दबाव आणा.

आम्ही मधला रस्ता घेतला. आधी मालक संस्थेला लेखी कळवायचं, सोबत काकांच्या सहा आठवड्यांच्या नोंदी जोडायच्या, आणि जाहीर काहीच करायचं नाही. पत्रात मागणी एकच होती: ठेकेदार येण्याआधी तुमच्या जीवशास्त्रज्ञाला एकदा पाठवा. संस्थेचे व्यवस्थापक दुसऱ्याच दिवशी बोलले. त्यांना पक्ष्यांचं काही पडलं नव्हतं, पण कायदा मोडल्याचा ठपका नको होता. तारखांनिशी केलेली नोंद टेबलावर आली की ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. माझ्या मते त्या वहीने जे केलं ते शंभर सह्यांच्या अर्जाने झालं नसतं.

गर्दीसाठी फलक लावायचा का, यावरही वाद झाला. फ्लोरिडात केप कोरल शहरात बिळाभोवती खुंट्या रोवून दोरी बांधतात आणि शेजारी घुबडाला बसायला टी आकाराचा दांडा लावतात. तिथे बिळं लोकांच्या अंगणातच असल्यामुळे लपवण्यासारखं काही नसतं. इथे उंच दांडा म्हणजे शेपटी लाल असलेल्या बाजाला आयती बैठक. फलकही नको ठरला. त्याऐवजी शनिवार-रविवार सकाळी आमच्यापैकी एकजण स्कोप लावून पायवाटेवरच उभा राही. येणाऱ्याला स्कोपमधून घुबड दाखवायचं आणि फोटो टाकलात तरी जागा लिहू नका, एवढं सांगायचं. स्कोपमधून डोळ्यांची पिवळी वर्तुळं पाहिलेला माणूस कुंपण ओलांडायचं विसरतो. मोबाइलवाल्यांना तर स्कोपमधूनच बरा फोटो मिळे. कुत्री मोकळी सोडणाऱ्यांवर मात्र या गोडीगुलाबीचा फारसा परिणाम झाला नाही.

दुसरा निर्णय: गवताचं काय करायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

संस्थेने नेमलेल्या जीवशास्त्रज्ञ बाईंसमोर चार पर्याय होते. नेहमीसारखी डिस्क मारणं तर बादच होतं. दुसरा पर्याय गटातल्या बऱ्याचजणांना हवा होता: जमिनीला हातच लावू नका, निसर्गाला निसर्गासारखं राहू द्या. ऐकायला छान वाटतं. पण या रानावर शतकानुशतकं कुणी ना कुणी चरत आलं आहे. चरणं थांबलं की जंगली ओट छातीएवढे वाढतात. मग घुबडाला मांजर, कोल्हा दिसत नाही, उंदीर पकडता येत नाही, आणि खारीही उंच गवतातून काढता पाय घेतात. गवत वीतभर किंवा त्याहून कमी असेल तर घुबड टिकतं. हात न लावणं म्हणजे त्यांना हळूहळू घालवणंच झालं असतं.

तिसरा पर्याय शेळ्यांचा. या भागात गवत खायला शेळ्यांचे कळप भाड्याने मिळतात आणि ते काम सुबक करतात. पण कळपाबरोबर विजेचं तात्पुरतं कुंपण येतं, राखणीचं कुत्रं येतं, आणि शेळी कुठे उभी राहील हे कुणाच्या हातात नसतं. अंडी असताना नको, असं ठरलं. चौथा पर्याय यंत्राने कापणी: माती न उलटता गवत वरच्यावर छाटायचं.

इथे नियमच आडवा आला. राज्याच्या वन्यजीव खात्याने २०१२ मध्ये काढलेल्या अहवालात, १ एप्रिल ते १५ ऑगस्ट या काळात वापरातल्या बिळापासून कामं किती दूर ठेवावीत याचं कोष्टक आहे. त्रास कमी असेल तर २०० मीटर, मध्यम किंवा जास्त असेल तर ५००. आता २०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ते भरतं सुमारे ३१ एकर. आमची जमीन २५ एकर. म्हणजे कोष्टक जसंच्या तसं लावलं तर बहुतेक गवताला हातच लावता येत नव्हता. बीळ नियमाने सुरक्षित राहिलं असतं आणि त्याच नियमामुळे महिनाभरात गवतात बुडालं असतं. वर काउंटीची नोटीस उभी होतीच.

बाईंनी खात्याशी बोलणं केलं. जागा पाहून, पक्ष्याचं वागणं पाहून अंतर ठरवायला अशा वेळी वाव असतो, पण त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. त्यांनी आधी दोन सकाळी नुसतं बसून पाहिलं. रस्त्यावरून कचऱ्याचा ट्रक गेला तर नर मान वळवतो आणि तिथेच राहतो. पायी माणूस ८० मीटरवर आला तर वाकू लागतो. गाडीपेक्षा माणसाचा त्रास जास्त! पक्षी पाहणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणूनच तर आम्ही काच खाली करून गाडीतूनच बघतो. कागदावर मात्र यंत्र नेहमीच माणसापेक्षा भयंकर ठरतं.

शेवटी ठरलं ते असं. बिळाभोवती १०० मीटरचा घेर छोट्या खुंट्यांनी आखायचा. घेराबाहेर ट्रॅक्टरच्या मोअरने कापणी, तीही कडेकडून सुरू करून दोन सकाळी. घेराच्या आत यंत्र नाही आणि ग्रास कटर घेतलेला माणूसही नाही. आतलं गवत तेवढं राहील, पिल्लं उडाल्यावर बघू. अग्निशमन विभागाला रस्त्याच्या आणि इमारतींच्या कडेला साफ पट्टा हवा होता, तो मिळाला. कापणी चालू असताना बाई गाडीत स्कोप लावून बसायच्या आणि नर पंधरा मिनिटांहून जास्त वेळ दिसेनासा झाला तर काम थांबायचं. एकदा थांबलंही.

आतलं गवत सोडणं बरोबर होतं का, यावर आजही मतभेद आहेत. नशिबाने उंचवट्याभोवती खारींनीच गवत कुरतडून ठेवलं होतं, म्हणून त्या वर्षी निभावलं.

मध्येच कार्यालयवाल्यांपैकी एका उत्साही गटाने जागेवर ओकची झाडं लावायचा प्रस्ताव आणला. झाडं देशी, खर्च त्यांचा, पाणी त्यांचं. नाही कसं म्हणायचं, अशी सगळ्यांची पंचाईत झाली. काकांना झाली नाही. “आमच्याकडे हेच होतं. माळ दिसला की लावा झाडं. मग माळढोक शोधायला नान्नजला जायचं आणि काळवीट बघून परत यायचं,” असं ते मराठीत बोलले आणि सुनेने त्याचं शक्य तितकं सौम्य भाषांतर केलं. झाडांवर बाज बसतात हा मुद्दा बाईंनी मांडला आणि प्रस्ताव कार्यालयाच्या पार्किंगकडे वळला.

खारींचा प्रश्न

बांध सांभाळणाऱ्या विभागाला खारी नको असतात, आणि त्यांचं चुकत नाही. बांधात बिळं झाली तर पुरात पाणी त्यातूनच वाट काढतं. नेहमीचा उपाय म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या विषाचं आमिष. ते खाऊन सुस्तावलेला उंदीर किंवा खार घुबडाच्या तावडीत सहज सापडते आणि विष घुबडात उतरतं. या प्रकारातल्या तीव्र विषांवर कॅलिफोर्नियाने २०२१ पासून कडक बंधनं आणली, आणि डायफॅसिनोन या जुन्या विषावर २०२४ पासून. आमची बोलणी त्या दुसऱ्या बंधनाच्या आधीची.

तडजोड झाली ती अशी: मैदानात आमिष अजिबात नाही. बांधावरची बिळं विणीचा काळ संपल्यावर, सप्टेंबर ते जानेवारी, आत छोटा कॅमेरा घालून रिकामी असल्याची खात्री करून बुजवायची. दोन्ही बाजू थोड्या नाराज राहिल्या. खारींना याचं काही घेणंदेणं नव्हतं, त्या बांधावर परत आल्या.

तिसरा निर्णय: हिवाळ्यातली जलवाहिनी

जलवाहिनीचं काम विणीचा काळ टाळून नोव्हेंबरला धरलं होतं. खंदक बिळापासून दूर होता, पण ट्रकचा तात्पुरता रस्ता उंचवट्यापासून २० मीटरवरून जात होता. ठेकेदाराच्या सल्लागाराने सुचवलं ते प्रचलितच होतं. बिळाच्या तोंडाला एकतर्फी दार लावा. पक्षी बाहेर येऊ शकतो, आत जाऊ शकत नाही. दोन दिवस थांबा, कॅमेऱ्याने आत पाहा, मग हाताने खणून बुजवा. विणीच्या काळाबाहेर आणि खात्याच्या संमतीने हे करता येतं.

या उपायाला कागदोपत्री ‘स्थलांतर’ म्हणतात, प्रत्यक्षात ते घराबाहेर काढणं असतं. पक्षी कुठे जाईल हे कुणी ठरवत नाही. शेजारी रिकामं बीळ असेल तर बरं, नाहीतर रस्ता ओलांडून शोधत फिरायचं. बाईंनी एकच प्रश्न विचारला: ट्रकचा रस्ता हलवायला किती पडतात? उत्तर आलं ते खडीच्या काही जादा फेऱ्यांचं. कागदपत्रं, निरीक्षक, दारं, कॅमेरा आणि नंतरची देखरेख यांच्या खर्चापेक्षा ते कमी होतं. रस्ता १२० मीटर दूर गेला. हा प्रश्न आराखडा काढतानाच विचारला असता तर फुकटात सुटला असता.

तरीही विमा म्हणून जमिनीच्या पलीकडच्या कडेला चार कृत्रिम बिळं केली. प्लास्टिकची व्हॉल्व्ह बॉक्स (पाण्याच्या पाइपांच्या चाव्या झाकायची पेटी) उलटी करून जमिनीखाली तीनेक फुटांवर ठेवायची, तळ मातीचाच. तिथून सहा इंची पन्हाळीदार पाइप दहा फूट लांब वर आणायचा, मध्ये एक वळण द्यायचं म्हणजे उजेड आणि मांजराचा पंजा दोन्ही आत पोचत नाहीत. तोंडाशी दगड. वर मातीचा ढीग, उभं राहून टेहळणीसाठी.

काय झालं

पहिल्या वर्षी २६ मेला काकांना बिळाच्या तोंडाशी एकाच वेळी पाच पिल्लं दिसली. बिळातली पिल्लं किती, हे असंच मोजतात, एका वेळी दिसलेली सगळ्यात मोठी संख्या धरायची. पिल्लं ओळीत उभी राहत, चतुर मागे पळत, आणि बाजाची सावली पडली की एकावर एक आत कोसळत. घाबरली की आतून खडखड्या सापासारखा फुत्कार काढतात असं वाचलं होतं. ७० मीटरवरून तो ऐकू येत नाही आणि जवळ जाऊन ऐकायचा नसतो.

जूनच्या मध्यावर काकांची मुदत संपली आणि ते परत गेले. त्यांच्यामागे रोजची नोंद बंद पडली, राहिली ती शनिवार-रविवारची. जुलैच्या शेवटी दोन तरुण घुबडं कुंपणाच्या खांबांवर दिसली. पाचांतली बाकीची तीन उडून गेली, कार्यालयामागे खाऊ घालून पोसलेल्या मांजरांनी नेली की बाजाने, याला उत्तर नाही.

दुसऱ्या वर्षी जोडी आली. पायात ओळखीची कडी नसल्यामुळे तीच होती का, सांगता येत नाही. त्यांनी कृत्रिम बिळांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जुन्या उंचवट्यापासून ४० मीटरवर खारींनी नवं बीळ केलं होतं, ते घेतलं. पिल्लं तीन दिसली. एका कृत्रिम बिळाच्या तोंडाशी हिवाळ्यात घुबडाने ओकून टाकलेल्या न पचलेल्या हाडा-केसांच्या गोळ्या सापडल्या, म्हणजे कुणीतरी मुक्काम केला होता. दुसऱ्यात खारी शिरल्या.

त्या वर्षीच्या शरदात चौथ्या बाजूच्या खासगी प्लॉटवर बुलडोझर आले.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये नर आला, त्याने सजावट केली, काही दिवस मादीही दिसली. एप्रिलच्या मध्यापर्यंत दोघंही गेली. त्यानंतर या जमिनीवर वीण झालेली नाही. हिवाळ्यात एखादं घुबड येतं, फेब्रुवारीत निघून जातं.

काय वेगळं करता आलं असतं

पंचवीस एकरांवर जे जे ठरलं, ते बहुतेक बरोबर ठरलं असं मला आजही वाटतं. चूक नकाशाच्या चौकटीत होती. सगळी चर्चा बिळापासून किती मीटर दूर राहायचं यावर झाली. नर खातो कुठे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. नव्वदच्या दशकातल्या राज्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एका जोडीमागे ६.५ एकर चराऊ जागा धरली जायची. ती बिळाभोवती ३०० फूट त्रिज्येच्या वर्तुळावरून आलेली संख्या आहे. त्या मापाने आमची जमीन ऐसपैस. पण कॅनडात सस्कॅचेवानमध्ये ट्रान्समीटर लावून केलेल्या १९९० च्या अभ्यासात घुबडांच्या ९५ टक्के फेऱ्या बिळापासून ६०० मीटरच्या आत असल्याचं दिसलं. ६०० मीटरचं वर्तुळ म्हणजे जवळपास २८० एकर. आमची जमीन त्याचा अकरावा हिस्सासुद्धा नव्हती.

काकांच्या वहीतच याची खूण होती. उंदीर घेऊन येणारा नर ‘कुंपणाकडून’ आला, अशी नोंद पुन्हा पुन्हा आहे. आम्ही वही वाचली ती अंडी-पिल्लांच्या तारखांसाठी. दिशांसाठी वाचली असती तर खासगी प्लॉटवरच्या बांधकामाच्या पर्यावरण अहवालावर हरकत घ्यायची मुदत कुणीतरी लक्षात ठेवली असती. तिथली पाहणी योग्य मोसमात, रीतसर झाली होती. वापरातलं बीळ सापडलं नाही, म्हणून नुकसान शून्य धरलं गेलं. पलीकडच्या जमिनीवरची जोडी तिथे जेवत होती हे त्या अहवालात यायला कुणीतरी कळवायला हवं होतं, आणि कळवण्याजोगा पुरावा फक्त आमच्याकडे होता.

बांधकाम त्याने थांबलं असतं असं नाही. पण कुठेतरी दुसऱ्या गवताळ जागेसाठी पैसे बाजूला पडले असते. खोऱ्यात २०१३ पासून अधिवास योजना, म्हणजे वन्यजीवांच्या जागा राखायची योजना आहे आणि घुबडं त्यात समाविष्ट आहेत, त्यामुळे अशा पैशाला जायला वाट होती. प्लॉट गेला म्हणूनच जोडी गेली, हेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. खोऱ्यात जोड्याच इतक्या कमी आहेत की एक पक्षी मेला तरी जागा रिकामी होते.

आणखी दोन गोष्टी. काका जाण्याआधी रोजच्या पाळ्या लावायला हव्या होत्या. पिल्लं उडायचे आठवडे हेच सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच कोरे राहिले. आणि घेराच्या आतलं गवत मोसमाआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच शेळ्या सोडून खाली आणलं असतं तर एप्रिलमधला निम्मा वाद झालाच नसता. दुसऱ्या वर्षीपासून तसं केलं. डिस्क मारायची नाही, हे कलम आता ठेक्यातच लिहिलेलं आहे. व्यवस्थापक बदलले तरी ते राहील.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या फिश अँड गेम कमिशनने, म्हणजे वन्यजीव आयोगाने, बरोइंग आऊलला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीसाठी उमेदवार ठरवलं. निर्णय होईपर्यंत उमेदवारालाही यादीतल्या प्रजातीइतकंच संरक्षण असतं, त्यामुळे एकतर्फी दारांचा मार्ग पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. आमच्या जमिनीवर सध्या त्याचा उपयोग करून घ्यायला जोडी नाही. बांधापलीकडे दलदलीच्या कडेने गवताचा एक लांब पट्टा आहे, त्याचा मालक तिसराच विभाग आहे. तिथे खारी आहेत. यंदा डिसेंबरपासून तिथलं गवत किती वाढतं, कधी आणि कशाने कापलं जातं याची नोंद घ्यायचं ठरलं आहे, आणि या वेळी वहीत दिशेचा रकाना पहिल्याच पानापासून आहे.